चादरीवरचे हाते

डाग काढण्यात पंचफुलाचा हात धरणारं सौंसरात कोणी नव्हतं. रक्ताचा डाग असला तर ती थंड पाण्यात मीठ टाकून कापड बुडवायची, आणि कोणी गरम पाणी घेऊन आलंच तर त्याला दारातूनच परत पाठवायची. गरम पाणी लागलं की रक्त कापडात घर करतं. जांभळाच्या डागाला आंबट दही. तेलाच्या डागावर ज्वारीचं पीठ दाबायचं, आणि दुसऱ्या कामाला लागायचं. चहाच्या डागावर उंचावरून उकळत्या पाण्याची धार. बायका कापड घेऊन यायच्या तेव्हा ती आधी विचारायची, "काय सांडलं ते खरं सांग. डागाशी खोटं बोललं तं तो निघत नाही." मग बाई इकडेतिकडे पाहून खरं सांगायची. त्यामुळे गावातल्या बऱ्याच गोष्टी पंचफुलाला माहीत होत्या, आणि तिने त्या कोणाला सांगितल्या नाहीत.

हळदीचा डाग मात्र ती घ्यायची नाही. साबण किंवा सोडा लावला की हळद कुंकवासारखी लाल होते, लिंबू पिळलं की परत पिवळी. लाल-पिवळं, पिवळं-लाल, असा तो डाग धुणारीला खेळवत बसतो. त्याला उतारा एकच, सूर्यनारायण. आणि त्याच्यावर कोणाची घाई चालत नाही.

ही चौपन्न सालची गोष्ट. त्या वर्षी वैशाखात पंचफुलाच्या लेकीचं, वच्छलाचं लग्न झालं. लेक काटोलकडे दिली. हळदीच्या दिवशी पाटाखाली मांजरपाटाची एक लांबलचक पांढरी चादर अंथरली होती. हळद लावून झाल्यावर वच्छला उठली, तिचा पाय घसरला, आणि तोल सावरायला तिने हात टेकला तो चादरीवर. अख्खा पंजा उमटला, पाचही बोटं. त्या घरची रीत अशी, की लेकीच्या हळदीची चादर लगेच धुवायची नाही. लेक पहिल्या दिवाळीला माहेरी आली की मायलेकींनी मिळून ती धुवायची, आणि धुता धुता लेकीने सासरचं जे सांगायचं ते सांगायचं. म्हणून चादर घडी करून पेटीत ठेवली होती.

तेव्हा नागपूर आणि सौंसर एकाच राज्यात होतं. पण दिल्लीहून राज्यांची नवी वाटणी करायला आयोग नेमला होता, आणि तो नागपूरला लोकांचं म्हणणं ऐकून घेणार होता. सौंसर, पांढुर्णा, लोधीखेडा, सगळीकडे एकच बोलणं. आपली भाषा मराठी, सोयरीक नागपूर-काटोल-वरुडकडे, संत्रा नागपूरच्या बाजारात जातो. मग वाटणीत आपण नागपूरकडेच जायला पाहिजे. गावात समिती झाली. कापसाची अडत चालवणारे भैय्याजी तिचे अध्यक्ष. पंचफुलाचा नवरा पुंडलिकराव संत्र्याचा बागाईतदार; बोलायला कमी, पण मान डोलवायला सगळ्यांच्या पुढे. तोही समितीत होता. नागपूरला जाताना पुढे धरायला मोठा फलक पाहिजे, कापड कोण देतं, असं बैठकीत निघालं, आणि पुंडलिकराव बोलून गेला, "कापड माया घरचं."

घरी येऊन त्याने पेटी उघडली.

"ते नोका काढू," पंचफुला म्हणाली. "वच्छीचा हात हाय त्याच्यावर."

"हात निघते का, तेच तं विचारून राहिलो."

"दिवाळीले वच्छी येईन तवा निघन."

"दिवाळीपावतर आयोग थांबते का, वच्छीचे माय? मी चार लोकांत बोलून बसलो. लेकीसाठीच तं चाललं हे. उद्या काटोल एका राज्यात अन आपन दुसऱ्या, मंग?"

पंचफुलाने चादर मांडीवर घेतली. तिची बहीण वरुडला, लेक काटोलला, माहेर नरखेडजवळ. सगळं गणगोत त्या बाजूला. वाटणीचं तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्या मनात वेगळंच शिरलं होतं.

"काढतो डाग," ती म्हणाली. "पन मी बी नागपूरले येतो. माया तोंडानं सांगतो त्यायले."

"पाहू," पुंडलिकराव म्हणाला, आणि बैल सोडायला गेला.

तिने ते 'हो' धरलं.

दिवस गणपती उठल्यानंतरचे होते, ऊन-सावलीचे. जुना, मुरलेला डाग. तिने चादर आधी ताकात भिजवली, मग लिंबू चोळून मागच्या परसातल्या हिरव्या गवतावर पसरली. ऊन निघालं की पाणी शिंपडायचं, ढग आले की वाट पाहायची. रात्रभर गवतावरच, दव लागू द्यायचं. साबणाला हात लावला नाही. पंजा हळूहळू विरत गेला. आधी तळवा गेला, मग बोटं. करंगळी सगळ्यात शेवटी राहिली. ती गेली त्या सकाळी पंचफुला गवतावर उकिडवी बसून होती, आणि पुंडलिकरावाने हाक मारली तरी उठली नाही.

चादर पांढुर्ण्याला गेली. तिथला गुणवंता दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याने वरच्या भागात तेलरंगाने मोठी अक्षरं काढली: 'सौंसर-पांढुर्णा मराठी, मराठीतच राहणार'. खाली अर्धी चादर कोरी राहिली. रंग वाळवून त्याने ती जायच्या दोन दिवस आधी परत पाठवली, आणि त्याच संध्याकाळी समिती पुंडलिकरावाच्या ओसरीवर जमली. भैय्याजींनी चष्मा लावून अर्ज वाचला.

"आम्ही सौंसर तहसिलीचे समस्त रहिवासी, सविनय निवेदन करतो की…"

"समस्त मंजे कोन?" आतल्या दारातून पंचफुलाने विचारलं. तिच्या हातात चहाचं ताट होतं.

भैय्याजी हसले. "समस्त म्हणजे सगळे, वहिनी."

"मंग माया अंगठा घ्याचा राह्यला."

भैय्याजी माणूस वाईट नव्हता. कोणाच्या घरी मयत झाली तर सगळ्यात आधी पोचणारा. त्यांनी चष्मा काढला आणि लहान मुलाला समजवावं तसं सांगितलं.

"त्याचं असं हाय, वहिनी. आयोगातले लोक शिकलेले. अंगठ्यांनी कागद भरला तं म्हनतील, हा अडाण्यांचा जमाव, कोनंही हाकलून आनला. कागदाची शोभा जाते. म्हनून आम्ही निव्वळ सह्यावाले घेतले. तुमच्या घरची सही हाय ना, पुंडलिकरावांची."

"त्यायची सही त्यायची झाली. आमच्या घरी जेवन बी वेगवेगळ्या ताटात होते."

कोणीतरी खिदळलं. पुंडलिकराव विहिरीकडे पाहू लागला.

"अन मी नागपूरले येनार होती," ती म्हणाली.

"बाया बसमधी ओकतात, वहिनी," भैय्याजी म्हणाले. "तिथं तासन्‌तास उभं राहा लागते. तुमचं काम तुम्ही केलं ना. चादर कशी दुधासारखी काढली. डाग म्हनून राह्यला नाही. उद्या तेवढी इस्त्री करून ठेवा."

पंचफुलाने ताट खाली ठेवलं. चहा ज्याचा त्याने उचलून घेतला.

दुसऱ्या दिवशी माणसं अडतीवर आणि बागेत गेली. दुपारी भैय्याजींची बायको देवकाबाई चौकशीला आली. चादर इस्त्री झाली का पाहून ये, म्हणून नवऱ्याने पाठवलं होतं. बघते तर चादर ओसरीवर अंथरलेली, आणि पंचफुला पाट्यावर ओली हळद वाटत बसलेली.

"आता कोनाचं लगन हाय वो?" देवकाबाईने विचारलं.

"कोनाचं नाही. बस."

"चादर काऊन पसरवली?"

पंचफुला वाटता वाटता बोलली. "काल तुमचे हे बोलले ते आइकलं असंन तुमी. त्यायच्या कागदावर आपुन डाग आहो, देवकाबाई. बरं, डाग तं डाग. लग्नाघरी भिताडावर हाते मारतो तवा कोनी विचारते का, तुले सही येते का? आन त्या भिताडावरचे हाते कोनी पुसते का?"

तिकडे लग्न असलं की घरच्या, गल्लीतल्या बायका दारालगतच्या भिंतीवर हळदीचे पंजे उमटवतात. त्यांना हाते म्हणतात. ते पुसायचे नसतात. पावसाने जातील तेव्हा जातील. ज्या घरी हाते दिसले तिथे इतक्या बायांनी येऊन साक्ष दिली, असा त्याचा अर्थ. देवकाबाईला ते सांगायला नको होतं. तिने हळदीकडे पाहिलं, चादरीच्या कोऱ्या भागाकडे पाहिलं.

"हे घरी आल्यावर माही खरडपट्टी काढतीन," ती म्हणाली.

"मंग जाय घरी."

"जातो कुठं. सरक."

पंचफुलाने पहिला हात मारला, अक्षरांच्या बरोबर खाली. त्याच्या बाजूला देवकाबाईचा. मग देवकाबाईच भिंतीवरून शेजारी ओरडली, शेजारीण पुढच्या घरी गेली, आणि थोड्या वेळात ओसरीवर पाय ठेवायला जागा राहिली नाही. कोणी विचारलं, "काऊन मारून राहिले?" कोणीतरी सांगितलं, "नागपूरले पाठवाचे हाय, सरकारले." तेवढं पुरलं. एकीने विचारलं, डावा मारू का उजवा? दुसरी म्हणाली, ज्यानं नवऱ्याले भाकर वाढते तो मार. तिसरी म्हणाली, मंग ज्यानं लाटनं धरते तो मार, सरकार घाबरन.

कलाबाई सगळ्यात म्हातारी. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचलेली. तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. "माया हात फुटका हाय वो. पाय उमटल्यावानी दिसन."

"दिसू दे," पंचफुला म्हणाली, आणि तिचं मनगट धरून तिने तो हात चादरीवर दाबला. तळव्यावरच्या सगळ्या भेगा कापडावर पांढऱ्या रेघा होऊन उमटल्या.

हाते वाळत आले तसे फिकट दिसू लागले. देवकाबाई दारापर्यंत मागे गेली, डोळे बारीक करून बघून आली.

"पिवळं लांबून दिसत नाही," ती म्हणाली. "थांबा."

ती घरी गेली आणि नवऱ्याच्या पानदानातला चुना घेऊन आली, डबीसकट. चुना पाण्यात कालवून बायांनी तो चादरीवरच्या हात्यांवर शिंपडला. पिवळे हात एकामागून एक लाल होत गेले, कोणी आतून दिवा लावावा तसे. कलाबाई म्हणाली, "आता दिल्लीपावतर दिसन."

दिवस मावळायच्या आधी भैय्याजी चादर घ्यायला आले. मागोमाग पुंडलिकराव. बाया ओसरीच्या कडेला उभ्या राहिल्या. एकही घरी गेली नव्हती.

भैय्याजी चादरीपुढे उभे राहिले.

"हे कोनं केलं?"

"समस्त रहिवाशायनं," पंचफुला म्हणाली.

"पुंडलिकराव, हे काय हो? उद्या पहाटे बस हाय. नवीन कापड आनू तं अक्षरं कोन काढून देईन? गुणवंता पांढुर्ण्याले." ते पंचफुलाकडे वळले. "वहिनी, मस्करी झाली. आता हे काढून द्या. तुम्हाले येते."

"येते ना. तुमालेबी येते. हळद कशानं जाते?"

हे त्या गावात पोराटोरांना माहीत होतं. भैय्याजींनाही माहीत होतं, पण संकटात माणूस माहीत असलेलं विसरून पाहतो. त्यांनी अंगणातल्या झाडाचं लिंबू तोडलं, चावून फोडलं आणि समोरच्या एका हातावर पिळलं. हात लालाचा पिवळा झाला. तिथेच होता, पाचही बोटांनी. त्यांनी पंच्याच्या टोकाने घासला. पिवळा आणखी आत बसला.

"तो माया हात होय," देवकाबाई म्हणाली. "हळू घासा."

एक बाई पदर तोंडात कोंबून मागे फिरली. भैय्याजींनी बायकोकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या चुन्याच्या डबीकडे.

"माया पानदानातली डबी?"

"संपली नाही अजून. पान देऊ का करून?"

"सोडा लावून पाहता का, भैय्याजी?" कलाबाईने काळजीने विचारलं. "परत लाल होईन. देवकाबाईचा एकटीचा पिवळा बरा नाही दिसत."

भैय्याजी ओसरीच्या कठड्यावर बसले. राग आला होता, पण तो कोणावर काढावा ते सापडत नव्हतं. शेवटी त्यांनी पुंडलिकरावाला धरलं. "तुम्ही कबूल केलं होतं. आता तुम्हीच सांगा."

पुंडलिकराव इतका वेळ चादरीकडे पाहत होता. लग्नात पांढऱ्या चादरीवर एक हात होता, तो त्यानेच काढायला लावला होता. आता मोजता येऊ नयेत इतके झाले होते. तो खाकरला.

"कापड देईन म्हनलं होतं," तो म्हणाला. "कोरं देईन म्हनलं नव्हतं."

पंचफुलाने आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे चार लोकांत सरळ पाहिलं.

"चादर माही हाय," ती भैय्याजींना म्हणाली. "माया लेकीच्या हळदीची. न्याची तं अशी न्या, अन चादर जाईन तिथं मी जाईन. ओकली तं खिडकीतून ओकन. नाहीतं चादर घडी करून पेटीत ठेवतो, तुमी कागद घेऊन जा. शोभेचा."

"बाई माणूस एकटं…"

"एकटी काऊन?" देवकाबाई म्हणाली. "मी हाओ ना. कलाबाई बी येते."

"मी कवा म्हनलं?" कलाबाई म्हणाली. मग जरा थांबून, "बसनं फुकट नेतीन का?"

पहाटेच्या बसला माणसं पुढे बसली आणि बाया मागे, मांडीवर चादरीची गुंडाळी. सौंसर मागे पडलं तशी कापसाची वावरं सरकत गेली, मग संत्र्याच्या बागा, मग पुन्हा कापूस. ओकले ते भैय्याजींच्या शेजारचे समितीचे चिटणीस. पंचफुलाने मागून कांदा फोडून हुंगायला पुढे पाठवला.

त्या आयोगाचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. छप्पन साली रेघ पडली ती सौंसरच्या खालून पडली. नागपूर-काटोल तिकडे मराठीकडे, सौंसर-पांढुर्णा इकडे हिंदीकडे. ज्यांना रेघ मारायची होती त्यांनी मारली. सही असलेल्यांचंही त्यांनी ऐकलं नाही. पण त्या सकाळी ते कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि पंचफुलाला ठाऊक असतं तरी ती बसमधून उतरली नसती.

नागपूरच्या त्या सरकारी इमारतीच्या व्हरांड्यात गावोगावची मंडळी उभी होती. टेबलाशी एक कारकून बसला होता. कोण कोण आलं, कोणाचं म्हणणं काय, ते लिहून घेऊन तो एकेका मंडळाला आत सोडत होता. सौंसरचा पुकारा झाला. भैय्याजींनी अर्ज पुढे केला, आपलं नाव सांगितलं, चिटणिसांचं सांगितलं. पंचफुला आणि देवकाबाईने मागे चादर उघडून धरली. कारकुनाने मान वर केली.

"हे लाल काय आहे?"

"ते जरा…" भैय्याजी म्हणाले. "बायकांनी हौसेने…"

"सह्या हायेत," पंचफुला म्हणाली.

कारकुनाने भैय्याजींकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "कोणाच्या सह्या?"

"सौंसरच्या बायांच्या. कागदावर घेतल्या नाहीत म्हनून इथं केल्या. आमच्या लेकी काटोलले, वरुडले दिल्या. आमालेबी तिकडंच राहाचं हाय. लिहा."

"बाई, अशा हाताला नाव नसतं. मी काय लिहू?"

पंचफुलाने चादरीचं आपल्या हातातलं टोक पुंडलिकरावाच्या हातात दिलं. तो गुपचूप धरून उभा राहिला. ती फिरून चादरीच्या पुढे आली.

"नाव काऊन नसन? हा देवकाबाईचा, पिवळा. त्याच्यावर भैय्याजींनी लिंबू पिळलं." व्हरांड्यात कोणी हसलं. ती हसली नाही. "हा कलाबाईचा. ह्या रेघा दिसतात ना, त्या कापूस वेचल्याच्या भेगा. ते माय तिथं उभी हाय, पाहून घ्या हात. हा माया. पंचफुला पुंडलिकराव."

"इतकं सगळं लिहायला वेळ लागेल," कारकून म्हणाला. "तुमच्या मंडळाचे हे आत जाऊन बोलतील की. मागे लोक थांबलेत."

"भैय्याजी थांबतीन," पंचफुला म्हणाली. "थांबान ना जी?"

भैय्याजींच्या हातात अर्ज होता. त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं, मागच्या रांगेकडे पाहिलं, आणि शेवटी आपल्या बायकोकडे, जी चादरीचं दुसरं टोक छातीपर्यंत उचलून धरून त्यांच्याकडेच बघत होती. अर्ज त्यांनी घडी करून काखेत धरला.

"लिहून घ्या," ते कारकुनाला म्हणाले. "आमच्या नावांखाली जागा उरली आहे, तिथं."

कारकुनाने टाक दौतीत बुडवला. "बोला."

पंचफुलाने पुढच्या हातावर बोट ठेवलं.